ॲडव्हान्स्डच्या आधी : नागपूरच्या एका डायव्हर दांपत्याचे प्रकरण

मारबतीच्या आठवड्यात धरमपेठेतले एक दांपत्य भेटायला आले. ती दातांची डॉक्टर, वय ४१. तो बँकेत अधिकारी, वय ४६. दोघांकडेही ओपन वॉटर डायव्हरचे, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचे, कार्ड. तीन वर्षांपूर्वी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, काढलेले. कोर्सच्या चार डाइव्ह आणि नंतर हौसेच्या दोन. मग नागपूर, दवाखाना, बदल्या, मुलीची दहावी. त्यानंतर समुद्र नाही. आता जानेवारीत पुन्हा अंदमानला जायचे ठरले होते, विमानाची तिकिटेही काढून झाली होती. विचारायचे एवढेच होते की ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचा, म्हणजे पुढच्या पायरीचा, कोर्स आत्ताच बुक करायचा की तिथे पोहोचल्यावर.

तो करावा की नाही, हा प्रश्न त्यांना पडलेलाच नव्हता.

विदर्भातल्या डायव्हरांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असते. समुद्र आठशे-हजार किलोमीटरवर. सुट्टी मिळते ती पाच-सहा दिवसांची, दोन-तीन वर्षांतून एकदा. मग त्या थोड्या दिवसांत नवे कार्ड घेऊनच परतायचे, असा हिशेब मनात तयार होतो. या दोघांच्या परवानगीने, नावे न देता, त्यांचे प्रकरण इथे मांडतो आहे.

कार्डाचे नाव आणि कार्डाचे काम

पॅडी ही डायव्हिंगचे कोर्स आणि कार्ड देणारी मोठी संस्था. तिच्या ॲडव्हान्स्ड कोर्समध्ये पाच डाइव्ह असतात. खोल डाइव्ह आणि पाण्याखाली होकायंत्राने दिशा धरणे या दोन सक्तीच्या, बाकी तीन आपल्या निवडीच्या. दोन दिवसांत सगळे उरकते. ओपन वॉटरची १८ मीटरची मर्यादा या कार्डाने ३० मीटरवर जाते. एसएसआय या दुसऱ्या मोठ्या संस्थेत जवळपास याच नावाचे कार्ड मिळायला चार स्पेशालिटी आणि एकूण २४ डाइव्ह लागतात. म्हणजे बोटीवर शेजारी बसलेल्या दोन ‘ॲडव्हान्स्ड’ डायव्हरांपैकी एकाच्या नऊ डाइव्ह झालेल्या असू शकतात आणि दुसऱ्याच्या पंचवीस.

पॅडीचा कोर्स वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पाच वेगवेगळ्या प्रकारच्या डाइव्हची ती ओळख आहे, आणि ओळख म्हणून उत्तम आहे. पण ज्याला अजून पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नाही, त्याला त्या पाच डाइव्हमध्ये पाच वेळा तेच कळते की आपल्याला स्थिर राहता येत नाही.

कार्डाला मुदत नसते. मात्र वर्षभर पाण्याबाहेर असलेल्या डायव्हरला बहुतेक डाइव्ह सेंटर आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, करायला लावतात. यांचा खंड तीन वर्षांचा होता. म्हणून कोर्स बाजूला ठेवून मी त्यांची लॉगबुके, म्हणजे डाइव्हच्या नोंदवह्या, मागितली.

लॉगबुकात सापडलेल्या दोन गोष्टी

त्याच्या शेवटच्या डाइव्हची नोंद अशी : जास्तीत जास्त खोली १६ मीटर, वेळ २७ मिनिटे, सिलिंडर २०० बार (हवेच्या दाबाचे माप) वर सुरू, ४० बारवर शेवट. शेरा : ‘सेफ्टी स्टॉपला गाइडच्या ऑक्टोपसवर.’ म्हणजे वर येताना पाच मीटरवर थांबायची शेवटची तीन मिनिटे तो गाइडच्या जादा रेग्युलेटरमधून, गाइडच्या हवेवर श्वास घेत होता.

“माझी हवा लवकर संपून राहते सर. छातीच मोठी आहे, काय करता?” तो म्हणाला.

“छाती नाही, घाबरतो तो,” ती म्हणाली.

दोघांचेही थोडे थोडे खरे असेल, पण उत्तर त्याच नोंदीत खाली होते. तीन मिलिमीटरचा आखूड वेटसूट आणि कमरेला आठ किलो शिसे. त्या अंगाला आणि त्या सूटला आठ किलो फार होतात. पहिल्या कोर्सला असे सर्रास होते. नवखा माणूस खाली जाता जात नाही, सोबत सहा जणांचा गट असतो, मग इन्स्ट्रक्टर आणखी दोन वजने अडकवून मोकळा होतो. त्या दिवसापुरते काम भागते. डायव्हर मात्र तो आकडा आपला म्हणून घरी घेऊन येतो.

जास्तीच्या वजनाने पुढे काय होते ते पाहा. तीन किलो शिसे जास्त असेल तर ते तोलायला बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवायच्या जाकिटात, साधारण तीन लिटर हवा जास्त भरावी लागते. ती हवा खोलीप्रमाणे आकार बदलते. दहा मीटरवरचे तीन लिटर पाच मीटरवर चार होतात. म्हणून थोडे वर सरकले की माणूस आणखी वर ओढला जातो, थोडे खाली गेले की दगडासारखा बसतो. वजन कमरेला आणि हवा छातीशी, त्यामुळे पाय खाली लोंबतात. उभ्या अंगाने पोहताना पाणी जास्त अडवते, फिन्स जोरात माराव्या लागतात, धाप लागते. धाप लागली की हवा जाते. भीती येते ती यानंतर, गेजवरचा काटा पाहून.

दुसरी गोष्ट तिच्या लॉगबुकात होती, किंवा खरे तर नव्हती. तीच डाइव्ह, तीच २७ मिनिटे, तिच्या सिलिंडरमध्ये शेवटी १०० बार. सुरेख. पण नवरा ४० बारवर आला तेव्हा ती कुठे होती? “कासव बघत होते.” त्याचा गेज तिने डाइव्हभर एकदाही पाहिला नव्हता. गाइडने पाहिला. तिचे पाण्यातले अंग चांगले होते. बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार, म्हणून मात्र ती कोरी होती, आणि माझ्या मते या प्रकरणातली जास्त गंभीर बाब हीच होती.

३० मीटरचा हिशेब

बँकेतल्या माणसाला आकडे दाखवले की वाद संपतो. कागद घेऊन बसलो.

सिलिंडर ११.१ लिटरचा. १६० बार खर्च म्हणजे सुमारे १७७५ लिटर हवा. सरासरी खोली १२ मीटर धरली तर दाब २.२ पट. २७ मिनिटांनी आणि २.२ ने भागले की पृष्ठभागावरचा त्याचा खप निघतो मिनिटाला ३० लिटर. तिचा निघतो १९.

आता हेच ३० मीटरवर. तिथे दाब चौपट, त्यामुळे त्याचा खप मिनिटाला १२० लिटर. आणि ५० बारची राखीव हवा, जी ओपन वॉटरला सगळ्यांना पाठ असते, ती इथे पुरते का? समजा तळाशी एकाची हवा गेली आणि दोघे एकाच सिलिंडरवर वर येत आहेत. दोघांचा मिळून खप, घाबरलेपण धरून, मिनिटाला ६० लिटर. तळाशी सावरायला एक मिनिट : २४० लिटर. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने पाच मीटरपर्यंत यायला तीन मिनिटे : जवळपास ५०० लिटर. सेफ्टी स्टॉपची तीन मिनिटे : २७०. शेवटचे पाच मीटर : ७० ते ८०. बेरीज १०८० च्या पुढे. त्या सिलिंडरात हे जवळजवळ १०० बार झाले.

म्हणजे ३० मीटरवर सिलिंडर अर्धा झाला की निघायचे. वापरायला उरतात पहिले १०० बार, ११०० लिटर. खाली जातानाच दीडशे जातात. त्याच्या खपाने तळाशी मिळतात आठ मिनिटे. हवेवर ३० मीटरला डीकंप्रेशनविना, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन सोडायला वर येताना सक्तीचे थांबे न घेता, राहण्याची मर्यादा पॅडीच्या तक्त्यात २० मिनिटे आहे. इतर लोक त्या मर्यादेकडे डोळा ठेवून असतात. याला तिचा विचार करायची वेळच आली नसती.

तो बराच वेळ कागद बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी तिथं जाऊन फक्त परत येणार.”

तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

नागपुरात काय होऊ शकते

इथून पुढे चार महिने हातात होते. समुद्र नसताना प्रशिक्षण होत नाही ही समजूत निम्मी चूक आहे.

आधी कोरडी कामे. वैद्यकीय प्रश्नावली भरताना तो दोन ठिकाणी अडकला : वय ४५ च्या वर, आणि रक्तदाबाची गोळी सुरू. अशा वेळी डॉक्टरची सही लागते. बरेच जण बोटीवर बसून घाईत सगळीकडे ‘नाही’ लिहितात, तसे करू नका. पाण्यात उतरले की हातापायांतले रक्त छातीकडे सरकते, हृदयावर भार येतो, आणि ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर पाण्यातच फुफ्फुसात पाणी साठण्याचा धोका वाढतो. त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ट्रेडमिल चाचणी करून, गोळी तीच ठेवून, सही दिली. वजन पाच किलो कमी करायला सांगितले. तीन झाले.

नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणावर डाइव्ह करणे, हा आमच्यासारख्या कोरड्या गावच्या लोकांना सोयीचा कोर्स. पॅडीच्या या कोर्सला डाइव्ह सक्तीच्या नाहीत. अभ्यास घरी बसून होतो, सिलिंडरमधला ऑक्सिजन मोजून पाहण्याचे प्रात्यक्षिक सेंटरवर गेल्यावर. ३२ टक्के ऑक्सिजनचे मिश्रण घेतले तर ३० मीटरवर नायट्रोजनच्या दृष्टीने आपण २४-२५ मीटरवर असल्यासारखे असतो. उलट बाजूला, ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ च्या मर्यादेने तेच मिश्रण ३३ मीटरच्या खाली नेता येत नाही. तिने हा अभ्यास करायचे ठरवले. त्याला मी नको म्हटले. त्याची डाइव्ह हवा संपून थांबत होती, नायट्रोजनमुळे नाही.

होकायंत्राचा सराव जमिनीवर करतात. डोक्यावर टॉवेल घेऊन, फक्त हातातले होकायंत्र दिसेल असे, तीस पावले, नव्वद अंश वळण, पुन्हा तीस पावले. चार बाजू झाल्या की सुरुवातीच्या खुणेवर यायला हवे. शाळेच्या मैदानावर सकाळी ही जोडी टॉवेल पांघरून फिरायला लागली तेव्हा फिरायला आलेल्या एका आजोबांनी काळजीने विचारले, “काही हरवलं का हो?” खूण सापडत नव्हती, तेव्हा प्रश्न बरोबरच होता.

पाण्यातल्या सरावाला नागपुरात अडचण ऋतूची. इथले उघडे जलतरण तलाव एप्रिल-मेमध्ये तुडुंब असतात आणि दिवाळीनंतर ओस पडतात. ओस पडलेलेच आपल्या कामाचे. एका क्लबच्या तलावाचे खोल टोक साडेतीन मीटरचे होते, ते सकाळी मिळाले. भरलेला सिलिंडर मिळवणे ही दुसरी डोकेदुखी. गॅस सिलिंडरचे नियम बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय इथेच सेमिनरी हिल्सला आहे, पण श्वास घेण्याजोगी हवा भरणारा कंप्रेसर शोधायला फोनवर फोन करावे लागतात. कारखान्यातल्या साध्या कंप्रेसरची हवा चालत नाही. त्यात तेलाचा अंश किंवा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि खोलीवर तो घातक ठरतो.

फुटाळा किंवा अंबाझरी तलावात उतरू का, असे दर वर्षी कोणीतरी विचारतेच. नाही. परवानगी नसते, हाताचा पंजा दिसत नाही, तळाशी गाळ आणि दोऱ्या. शिवाय एक गंमत : नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि पॅडी ३०० मीटरच्या वरची डाइव्ह ‘उंचीवरची’ धरते, तिला वेगळे तक्ते लागतात. साडेतीन मीटरच्या तलावात याने काही बिघडत नाही. खोल धरणात उतरणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावे.

तलावात पहिले काम वजनाचे. सिलिंडर जवळजवळ रिकामा, बीसीडीतली हवा काढलेली, श्वास सहज धरलेला, अशा स्थितीत पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवे. त्याला त्याच सूटमध्ये तिथे दोन किलो पुरले. समुद्राचे पाणी अडीच टक्के जड. सामानासह त्याचे वजन ११० किलोच्या आसपास, म्हणून समुद्रात पावणेतीन किलो वाढवायचे. एकूण पाच. आठ नव्हे. भरलेल्या सिलिंडरातल्या हवेचेच अडीच किलो वजन असते, ते डाइव्हच्या सुरुवातीला प्रत्येकाला सोसावे लागते. हा त्यावर आणखी तीन किलो वाहत होता.

जास्तीचे शिसे उतरल्यावर तो पाण्यात आडवा झाला. मी फारसे काही शिकवले नाही. हात बांधून, एका जागी, तळापासून फूटभर वर, फक्त श्वासावर वर-खाली होणे एवढेच पुन्हा पुन्हा. कंटाळवाणे काम आहे. त्याला आवडले. तिला अजिबात नाही.

तिच्यासाठी वेगळे ठरवले होते. दर पाच मिनिटांनी नवऱ्याला हवा विचारायची, त्याने बोटांनी आकडा दाखवायचा, आणि तो दाखवायच्या आत तिने अंदाज केलेला असला पाहिजे. मग हवा वाटून घेण्याचा सराव. तो कधीही, न सांगता, ‘हवा संपली’ची खूण करणार, तिने ऑक्टोपस देऊन त्याचा पट्टा धरायचा आणि दोघांनी सोबत वर यायचे. पहिल्यांदा तिने स्वतःच्या तोंडातला रेग्युलेटर काढून दिला आणि दुसरा शोधत बसली. दिवाळीनंतरच्या सत्रांत तिचा हात न बघता ऑक्टोपसवर जाऊ लागला. मास्क पूर्ण काढून पुन्हा घालणे तिने तीन वर्षांपूर्वी कसेबसे उरकले होते, तेही तिथेच कळले. नाकात पाणी गेले की ती सरळ वर झेपावत होती. श्वास रोखलेला असेल तर साडेतीन मीटरवरूनही हे धोक्याचेच. फुफ्फुस फाटू शकते, आणि अठरावरून तर धोका आणखी मोठा. त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

सहा दिवसांचे वेळापत्रक

त्यांच्या मूळ बेतात पाच दिवस डाइव्ह होत्या. कागदावर ते साडेतीनच भरले. नागपूरहून चेन्नईला विमान बदलून श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीने हॅवलॉक, यात पहिला दिवस जातो. परतीला, सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहायचे असते. मी २४ धरायला सांगतो. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान, असा बेत कोणी करून देत असेल तर दुसरे सेंटर शोधा. अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर उपचाराला लागणारा दाबकक्ष त्या भागात आहे तो नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात, आणि हॅवलॉकहून तिथे पोहोचायला समुद्र ओलांडावा लागतो.

क्रम असा ठरला : आधी रिफ्रेशर आणि उथळ डाइव्ह, मग बॉयन्सी (पाण्यात तरंगते स्थिर राहणे) आणि होकायंत्राच्या डाइव्ह, मग एक मासे ओळखण्याची, सगळ्यात शेवटी खोल. सेंटरला हा क्रम आधीच कळवला. बहुतेक सेंटर ऐकतात, विचारले तर.

समुद्रात

मी सोबत नव्हतो, त्यामुळे पुढचे लॉगबुकांतून आणि रात्रीच्या फोनांतून.

पाच किलो थोडे कमी पडले. ५० बारवर, पाच मीटरला, तो हळूहळू वर जात होता. एक किलो वाढवला, सहावर जमले. दुसऱ्या दिवसाची नोंद : सरासरी खोली ११ मीटर, ३५ मिनिटे, २०० वरून ५५. खप २२ लिटर. फुफ्फुसे तीच, बायको तीच. सेफ्टी स्टॉप त्याने स्वतःच्या हवेवर केला.

तिच्या नोंदींच्या शेऱ्यात आता दोन स्तंभ होते, स्वतःच्या हवेचा आणि त्याच्या.

बॉयन्सी, होकायंत्र आणि मासे अशा तीन डाइव्ह दोघांनी केल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्याचे नाक चोंदलेले होते. बोटीवर तो एकदा कान फुगवून बघायला गेला, डावा उघडला नाही. नाकात मारायचा स्प्रे शेजारच्याने पुढे केला. त्याने घेतला नाही. स्प्रेचा असर तळाशी उतरला तर वर येताना हवा कानात आणि सायनसमध्ये अडकते, हे त्याला ठाऊक होते. तो दिवसभर बोटीवर बसून राहिला. तिची खोल डाइव्ह इन्स्ट्रक्टरसोबत २७ मीटरपर्यंत झाली, तळाशी दहा मिनिटे, ११० बारला निघाली. दुपारी निवडीची आणखी एक. तिचे ॲडव्हान्स्ड पूर्ण.

त्याचे नाही. पण या कोर्समधल्या तीन डाइव्ह, ज्यांना ॲडव्हेंचर डाइव्ह म्हणतात, झालेल्या डायव्हरला पॅडी ‘ॲडव्हेंचर डायव्हर’ असे कार्ड देते, आणि त्या तीन पुढे ॲडव्हान्स्डमध्ये मोजल्या जातात. उरलेल्या दोन, त्यांत खोल डाइव्ह आलीच, पुढच्या समुद्रात. हे कार्ड फारसे कोणी मागत नाही, कारण नाव भारदस्त नाही. आमच्यासारख्या तुटक तुटक डाइव्ह करणाऱ्यांना ते सगळ्यात सोयीचे आहे.

आता पुढे

पुढच्या हिवाळ्यात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला जायचे त्यांच्या मनात आहे. तिथे त्याने खोल डाइव्ह करावी, २४ मीटरच्या पलीकडे न जाता, असे माझे म्हणणे. कोर्सच्या नियमाने १८ च्या खाली आणि ३० पर्यंत कुठेही ती चालते. खप मिनिटाला वीस लिटरच्या आत आला तर ३० मीटरचा विचार करू. दरम्यान महिन्यातून एकदा तलाव, आणि सहा किलो हा आकडा फक्त त्याच सूटचा आहे हे लक्षात ठेवणे. सूट बदलला की वजन पुन्हा तपासायचे.

तिच्याशी माझे एकमत झालेले नाही. तिला लगेच रेस्क्यू डायव्हर करायचे आहे. नियमाने ती करू शकते. ॲडव्हान्स्ड आहे, आणि लागतो तो प्रथमोपचार व सीपीआरचा कोर्स २४ महिन्यांच्या आतला हवा, तो नागपुरातही होतो. रेस्क्यू हा पॅडीच्या सगळ्या कोर्सांतला मला सर्वांत उपयुक्त वाटणारा कोर्स. तरीही मी म्हणतो आधी वीसेक डाइव्ह होऊ दे, स्वतःकडे लक्ष न देता पाण्यात राहता आले पाहिजे. तिचे म्हणणे, “सर, वीस डाइव्ह व्हायला मला नागपुरात राहून पाच वर्षं लागतील. तोवर हा बुडाला तर?” यावर माझ्याकडे चांगले उत्तर नाही. सीपीआरच्या कोर्सची तारीख तिने घेतली आहे, आणि नवऱ्याचेही नाव त्यात घातले आहे.